गाडीने हवा धरली तो आठवा दिवस

हीटरमधून गार वारा येतोय, अशी तक्रार हाखामांनी केली आणि मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. हाखाम म्हणजे माझ्या शेजारी बसलेले मोरोक्कोचे म्हातारे मोहेल, सुंता करणारे. त्यांना सगळे मानाने हाखाम म्हणत. मी त्यांना बेरशेबाहून डिमोनाला आमच्या घरी घेऊन चाललो होतो. माझ्या पहिल्या मुलाचा तो आठवा दिवस होता. सुंता आठव्या दिवशीच व्हायची आणि तीही सूर्य मावळायच्या आत. थंडीचे दिवस, म्हणजे सूर्याला घरी जायची घाई. तो आमच्या मागे होता आणि मला पिकअपच्या आरशात सारखा दिसत होता.

इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं तर तो तांबड्याला टेकत आलेला. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, याचा अर्थ मुंबईच्या गॅरेजात हात काळे केलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. गाडीने हवा धरली होती. पाणी फिरायच्या वाटेत हवा अडकून बसते, पाणी पुढे जात नाही. वरून रेडिएटर भरलेला दिसतो आणि आत इंजिन भाजत असतं. पिकअप माझ्या मालकाची. त्याने सकाळी नवा होसपाइप घातला, वरून पाणी ओतलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. हवा काढली का, असं मी विचारलंसुद्धा. "यिहये बेसेदेर," तो म्हणाला. म्हणजे होईल सगळं ठीक. हे दोन शब्द ऐकले की त्या दिवसांत माझं डोकं फिरायचं.

गाडी थांबवून मी बॉनेट उघडलं. हाखामांना काय झालंय ते सांगावं, तर हवेला हिब्रूत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. मी मराठी शब्दच घालून म्हटलं, "हाखाम, आत हवा आहे."

"हव्वा?" ते म्हणाले. "कोण हव्वा?"

हिब्रूत हव्वा म्हणजे आदामची बायको. ती माझ्या इंजिनात कशी शिरली, हे त्यांना कळेना, आणि मग ते पोट धरून हसायला लागले. मला हसू कुठून येणार? हातातला पाना फेकून द्यावा, असं वाटलं.

गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडता येत नाही. वाट पाहायची, आणि तेवढं एकच काम मला कधी जमलेलं नाही. मी गाडीभोवती फेऱ्या घालत होतो. झाकणाला फडक्याने हात लावायचा, चटका बसला की शिवी हासडायची, परत फेरी. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. विजेच्या खांबाची सावली लांबत चालली होती आणि तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवूनही मी पाहत होतो.

घरी मोहेल नव्हता असं नाही, हीच तर गंमत. माझे सासरे आमच्याकडेच राहत. कोकणात त्यांनी गावोगाव चालत जाऊन किती मुलांच्या सुंता केल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. इथे आल्यावर त्यांना झाडं लावायला खड्डे खणायचं काम मिळालं. बाळ झालं त्याच दिवशी ते म्हणाले होते, "जावयबापू, मी घरात असताना बाहेरचा माणूस कशाला?"

"मामा, इथे तसं चालत नाही," मी म्हटलं. त्यावर ते आपली सुरीची पेटी उचलून आत ठेवून आले. बायको मात्र बोलली आणि भरपूर बोलली.

पण ते दिवसच तसे होते. आम्ही कोकणातून आलेले बेनेइस्राएल खरे ज्यू आहोत का, आमची लग्नं लावण्याआधी आज्या-पणज्यांची चौकशी करायची का, असलं काहीबाही कानावर यायचं. उद्या माझ्या मुलाच्या लग्नात कोणी बोट दाखवायला नको, म्हणून मान्यता असलेला मोहेल हवा, हा हट्ट माझा. त्यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण आठवा दिवस चुकला तर सगळंच मुसळ केरात. आमच्या लोकांनी कोकणात हिब्रू विसरली, प्रार्थना विसरल्या, सणांची नावं विसरली. शनिवार आणि आठवा दिवस तेवढे विसरले नाहीत. ते इथे येऊन माझ्या हातून विसरलं जाणार होतं, आणि कशामुळे, तर एका होसपाइपमुळे.

अखेर झाकण निघालं. गाडीचं नाक वर हवं, म्हणजे हवा तिकडे चढते. मी पिकअप रस्त्याकडेच्या दगडी चढावर घातली आणि इंजिन चालू ठेवलं. हीटरच्या पाइपाची क्लिप ढिली केली तर फस्स करून हवा सुटली. आता खालचा पाइप दाबत राहायचा, बुडबुडे वर यायला लावायचे आणि पाणी खाली गेलं की लगेच वरून ओतायचं. त्याला दोन माणसं लागतात. "मी ओततो," हाखाम म्हणाले आणि त्यांनी गाडीतला पाण्याचा कॅन उचलला.

"लांबून ओता," मी बजावलं. ते ओतत होते. बुडबुडे येत होते, थांबत होते, परत येत होते. मला वाटे संपले, की आतून पुन्हा गुळगुळ. चल गं बाई, निघ एकदाची, असं मी मोठमोठ्याने मराठीत हवेला विनवत होतो. मग पाणी एकदम खाली गेलं. आत किती उरलंय ते पाहायला हाखाम वाकले आणि त्याच क्षणी मोठा बुडबुडा फुटून उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर उडालं.

ते अरबीत काहीतरी ओरडले. कॅनमधलं उरलंसुरलं गार पाणी मी त्यांच्या हातावर ओतलं आणि हात फडक्यात गुंडाळला. बोटं लाल होऊन सुजायला लागली होती. त्या हातात सुरी धरणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही. हीटरमधून आता छान गरम वारा येत होता.

"चल," ते म्हणाले. "आधी घरी तर पोचू."

पोचलो तेव्हा सूर्य टेकडीच्या थोडा वर होता. मलिद्याचं, म्हणजे प्रसादाच्या गोड पोह्यांचं ताट मांडलेलं, माणसं दाटीवाटीने उभी. गुंडाळलेला हात पाहून सगळे पुढे सरकले. हाखामांनी विचारलं, "तुमच्यात हे काम कोणाला येतं?"

सगळ्यांच्या माना कोपऱ्यात बसलेल्या सासऱ्यांकडे वळल्या. आतल्या खोलीतून माझ्या बायकोचा आवाज आला, "बाबा, उठा."

सासरे उठले नाहीत. ते माझ्याकडे पाहत राहिले. मला सगळ्यांसमोर लाज वाटली आणि रागही आला. कोणाचा, ते कळेना.

"मामा," मी म्हटलं, "करा तुम्ही. दिवस चाललाय."

ते उठले, पेटीतून सुरी काढून आणली. हाखामांनी डाव्या हाताने ती नखावर फिरवून धार पाहिली आणि मान डोलावली. मग भाजलेला हात बाजूला धरून ते स्वतः मानाच्या खुर्चीत बसले आणि बाळाला मांडीवर घेतलं. बाळ रडलं तेव्हा खिडकीत ऊन होतं.

लोक मलिद्याकडे वळल्यावर सासरे मोरीत हात धूत होते. मी टॉवेल घेऊन गेलो.

"जावयबापू," ते खाली मान घालूनच म्हणाले, "मला वाटलेलं हात थरथरेल. इथं आल्यापासून फावडंच धरलंय ना. थरथरला का हो?"

मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं.