वर्षाच्या आत चढलेली कढई

बंगळुरूची बस शीळफाट्याला जेमतेम थांबली. क्लीनरने माझी बॅग डिकीत फेकली, आईने हातात स्टीलचा डबा कोंबला आणि म्हणाली, "पनवेल गेल्यावर उघड." बस्स. रडायलाही वेळ मिळाला नाही. खिडकीतून बघितलं तर ती दिव्याला, आमच्या घरी, परत जायला रिक्षावाल्याशी भांडत होती.

पनवेल गेल्यावर डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या, अजून कोमट. मी बघतच राहिले.

बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ड्युटीवर असतानाच छातीत कळ आली आणि गेले. आमच्यात वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात तळण करत नाहीत. आईने कढई माळ्यावर पालथी घातलेली. दिवाळीचा फराळसुद्धा शेजाऱ्यांच्या डब्यांतून आलेला. हे सगळं कडक पाळणारी आईच, बरं का.

त्यातच मला नोकरी लागली. टिटवाळ्याची आत्या, बाबांची थोरली बहीण, म्हणाली, वर्ष होऊ दे, आईला एकटं टाकून पोरीने जाऊ नये. मला ते पटलेलं. नाही म्हणून कळवायलाच निघाले होते. आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ती जाणार, वन्सं." आत्या चहा न घेताच गेली आणि पुढे कित्येक वर्षं आईशी धड बोलली नाही.

आई पहिल्यापासून तशीच. बारावीत मी नापास झाले तेव्हा बाबांनी बोलणं टाकलं. आईने निकाल ऐकला आणि विचारलं, जेवलीस का? दिव्यात पाण्याची बोंब, तरी माझ्या आंघोळीची बादली आधी भरायची, तिच्यासाठी उरलं तर उरलं. मला वाटायचं सगळ्यांच्याच आया अशा असतात. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना विचारा, हे किती उशिरा कळतं.

बसमधूनच फोन केला. हे काय केलंस गं, म्हटलं.

"पोर प्रवासाला उपाशी धाडू? पाप लागलं तर मला लागेल. तू खा."

खाल्ल्या. रडत रडत खाल्ल्या, शेजारच्या बाईंनाही दिल्या.

आता इथे बंगळुरूत माझा फ्लॅट आहे, नवरा आहे, टँकरचं का होईना पण नळाला दिवसभर पाणी आहे. मजेत आहे मी. आई अधूनमधून येते. ती वॉचमनशी मराठीत बोलते, तो कन्नडमध्ये उत्तर देतो, दोघांचं मस्त जमतं. मग तिला दिवा आठवायला लागतो. मी आता अडवत नाही.

यंदा आत्याचे यजमान गेले. वर्ष व्हायच्या आतच तिच्या मुलाला हैदराबादला नोकरी लागली. तो निघाला त्या सकाळी आई आपली कढई पिशवीत घालून टिटवाळ्याला पोचलेली. आत्या काय म्हणाली, मी फोनवर विचारलं.

"काय म्हणणार? ओट्याशी उभी राहून रडत होती. म्हटलं, वन्सं, रडा, पण पुऱ्या लाटा."

मी हसले.

इथे कुणी घर कुठलं विचारलं की मी अजून दिवाच सांगते. निघताना जिथे कुणीतरी आपल्यासाठी पापसुद्धा अंगावर घेतलं, ते घर.