बारा व्होल्टचा पंखा, पंधरा व्होल्टचा दिनेश

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात धूळ आणि किस्से, दोन्ही साचतात. धूळ ब्लोअरनं उडते. किस्से मात्र चहासोबत वाढतच जातात! अकोल्याच्या जुन्या शहरात माझं आणि दिनेशचं असं दुकान आहे. आमचे निम्मे किस्से ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांचे. कारण कुठलाही पंखा कंपनीनं ठरवलेल्या वेगानं फिरताना दिनेशला बघवत नाही.

सुरुवात एका मे महिन्यात झाली. एक मशीन तापून सारखं बंद पडत होतं. दिनेशनं कार्डाचा पंखा बोटानं फिरवून पाहिला.

"पंखा चांगला आहे बे. पण बनवणाऱ्यानं अकोल्याचा उन्हाळा पाह्यला नाई!"

बारा व्होल्टच्या पंख्याला त्यानं वेगळ्या सप्लायवरून पंधरा दिले. पंखा असा किंचाळला, की शेजारचे टेलरकाका गळ्यात टेप घेऊन धावत आले.

"काहून रे, पिठाची गिरणी टाकली काय?"

पण मशीन बंद पडलं नाही. झालं! दिनेशला देव भेटला.

* * *

अमरावतीचे गजूभाऊ लग्नाचे व्हिडिओ करतात. त्यांच्या मशीनचेही पंखे दिनेशनं असेच जोरात पळवले. गजूभाऊंनी त्याच मशीनशेजारी बसून व्हिडिओचं निवेदन रेकॉर्ड केलं. "नवरदेवाचे आगमन होत आहे..." आणि मागून घर्रर्र! व्हिडिओ पाहताना नवरीच्या वडिलांनी कान टवकारले.

"हे हेलिकॉप्टर कोणाचं?"

"काका, आवाज काढून टाकतो ना."

"काहून काढता? राहू द्या! पाहुण्यायले वाटू द्या, कोणी मोठा माणूस आलता!"

* * *

वेग वाढला की पातीही तुटतात. शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा बागायतदाराचं कार्ड आलं होतं. टेस्टिंगमध्ये एक पातं तुटून थेट माझ्या चहात! तोल गेलेला पंखा टेबलावर नाचायला लागला.

"समोरचं पातं तोडतो, तोल येईन," दिनेश म्हणाला.

पण पंखा नऊ पात्यांचा, बरोबर समोर नुसती फट! मग त्यानं अंतर मापून आणखी दोन तोडली. पंखा झकास फिरला. बागायतदारानं मात्र कार्ड हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

"दिनेशभाऊ, मी पंखा दुरुस्त कराले देल्ला होता. सोलाले नाई!"

* * *

आता दिनेशच्या लग्नाचं. आधीची स्थळं काही ना काही कारणानं परत गेलेली, म्हणून घरचे काळजीत. नवं स्थळ मूर्तिजापूरच्या वैशालीचं. ती म्हणाली, मुलगा काम करतो तिथंच बघू. ती आणि तिचे वडील थेट दुकानात आले.

नेमकं टेबलावर एक कार्ड फुल लोडवर. तीन पंखे बोंबलत होते, आणि काम अर्ध्यात थांबवता येत नव्हतं. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. वडिलांनी ओरडून विचारलं,

"काही व्यसन?"

दिनेशला ऐकू आलं 'फॅन'. त्याचा चेहरा खुलला.

"तीन आहेत! दिवसभर चालू असतात!"

"घरच्यायले चालते?"

"घरी तर याहून मोठा लावला!"

वैशालीचे वडील उठलेच! मी मागून पंख्याकडे बोट दाखवून हातवारे करत होतो, पण पाहतो कोण! दिनेशला आपलं काय चुकलं तेच कळेना. बिचारा पाण्याचा रिकामा ग्लास घेऊन उभा.

वैशाली मात्र ओढणी तोंडाला लावून हसत होती. ती उठली, टेबलापाशी आली आणि व्होल्टेजचं बटण कुठलं ते मला खुणेनं विचारलं. मी दाखवलं. वाटलं, आता आवाज कमी करेल.

तिनं वाढवला!

पंखे असे किंचाळले, की टेलरकाका पुन्हा दारात. त्या गदारोळात ती दिनेशच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. दिनेशचे कान लालेलाल. त्यानं जोरजोरात मान हलवली.

बाहेर पडताना वडिलांनी विचारलं, "काय म्हंतलं वं त्याले?"

"काई नाई बाबा. पंखे बंद करा म्हंतलं."

पंखे संध्याकाळपर्यंत चालू होते, तेही तिनं वाढवलेल्या वेगावर.