चालू लाइन

गल्लीत त्याला सगळे वायरमन म्हणत. कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एक खोड मात्र होती. दुरुस्त केलेली वस्तू चालवून बघितल्याशिवाय गड्याला चैन पडायची नाही.

त्याची लेक सहा वर्षांची. घरभर गरगर फिरायची म्हणून भिंगरी. एकदा जेवता जेवताच ती कलंडली, हातपाय झटके देऊ लागले. दवाखाना झाला, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवलं.

"हा फिट्सचा आजार आहे. मेंदूत विजेसारखे बारीक संदेश फिरत असतात. ते मधूनच एकदम उसळतात. शॉर्टसर्किट समजा ना! तुमचं काही चुकलेलं नाही. गोळी मात्र एकही चुकवायची नाही. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका."

'काही चुकलेलं नाही' ऐकून बायकोला रडू कोसळलं. वायरमनला उलट धीर आला. शॉर्टसर्किट? हे तर आपल्याच खात्यातलं की!

"फॉल्ट कुठे आहे?" त्याने विचारलं.

"सापडला नाही. पुष्कळदा सापडतच नाही."

हे काही त्याच्या पचनी पडलं नाही.

पुढे कित्येक महिने झटका आला नाही, आणि वायरमनचे हात शिवशिवू लागले. काम झालंय की नाही, कळणार कसं? गोळ्या द्यायचं काम त्याच्याकडेच होतं. बायकोला पत्ता लागू न देता शहाण्याने त्या बंद केल्या. आठवडाही सरला नाही, भिंगरी उंबऱ्यातच कोसळली. त्याने तिला कुशीवर वळवलं. झटका ओसरताच नवराबायकोने तिला दवाखान्यात नेलं, आणि गोळ्या बंद केल्याचं त्याने स्वतःच सांगून टाकलं.

"गोळ्या का थांबवल्यात?" बाईंनी विचारलं.

"टेस्टिंग केलं," तो मान खाली घालून म्हणाला.

"अहो, पोर आहे ती, पंखा नव्हे!" बायको कडाडली.

बाई रागावल्या नाहीत. "शॉर्टसर्किट म्हणाले, ते माझंच चुकलं. काम करताना आधी काय करता तुम्ही?"

"मेन बंद करतो."

"हिचा मेन बंद करता येतो का?"

चालू लाइनला हात लावायचा नाही, हे वायरमन दुसऱ्यांना ओरडून सांगत आला होता.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या संध्याकाळी भिंगरीने गोळी गिळली, तरी त्याने तिला तोंड उघडायला लावलं.

"बाबा, टेस्टिंग करताय?"

"नाही गं बाई," तो म्हणाला, आणि तिला पोटाशी धरून लहान पोरासारखा रडला.