तळ्याकाठच्या समुद्रबाई

आमच्या भूगोलाच्या बाई समुद्राबद्दल माहेरच्या माणसाबद्दल बोलावं इतक्या मायेनं बोलत, आणि समुद्र त्यांनी एकदाही पाहिलेला नव्हता. जामखेडजवळच्या आमच्या कोरड्याठाक गावात पोरांनी त्यांचं नाव समुद्रबाई ठेवलं. ते कानावर गेल्यावर बाई रागावल्या नाहीत, उलट खूश झाल्या.

समुद्राचा धडा त्यांनी वर्गात कधीच घेतला नाही. उन्हाळ्यात गावचा पाझर तलाव आटायला लागला की आमची वरात काठावर. पाणी मागं सरकेल तसे लोक उघड्या गाळात काकड्या लावत, हा गाळपेरा. वरच्या उतारावर पाण्यानं जाता जाता पायऱ्या कोरलेल्या असत. बाई छडीनं दाखवत, "हे बगा, पानी आधी हितं थांबलं, मग हितं. समुद्राचं बी असंच हाय. जगात बर्फ साठला की समुद्र खाली जातो, वितळला की वर येतो. फकस्त त्याचा उन्हाळा हजारो वर्सांचा! आन तळं भरलं की पानी वढ्यात शिरतं ना? तसा समुद्र नदीच्या दरीत शिरला की झाली खाडी." शेवटी गाळपेऱ्यातल्या काकड्या मिळत, म्हणून त्या धड्याला कुणी दांडी मारत नसे.

नववीत मला आगाऊपणा सुचला. "बाई, तुमी समुद्र बघितलाय का?"

"न्हाई."

"मग हे खरं कशावरून?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. त्यांना ते लागलं होतं. पुढं मी रत्नागिरीकडं नोकरीला लागलो आणि बाईंच्या निवृत्तीच्या वर्षी त्यांचा फोन आला. "अरे, मला समुद्र दाखव. जन्मभर सांगितलं ते खोटं निगालं, तर कुनाकुनाच्या घरी जाऊन माफी मागू?"

ओहोटीच्या वेळी आम्ही किनाऱ्यावर पोचलो. लांबरुंद सपाट खडक उघडा पडला होता. बाईंनी त्यावर चपला आणि डब्याची पिशवी ठेवली, समुद्राकडं चक्क पाठ केली आणि किनाऱ्यामागचा कडा न्याहाळायला लागल्या. मग पदर खोचून एका धोंड्यावर चढल्या. भरतीचं पाणी पोचतं त्याच्या बरंच वर शिंपल्यांनी भरलेला दगडाचा थर होता. कधीकाळची वाळू घट्ट होऊन बसलेली. त्यावर हात ठेवून बाई ओरडल्या, "हितवर हुता! अरे, हितवर हुता त्यो!" डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. इतक्या वर्षांनी माझ्याही छातीवरचा दगड उतरला.

आमच्या तळ्याचं पाणी एकदा मागं हटलं की पावसाळ्याशिवाय परत येत नाही. आम्ही दोघंही त्याच हिशेबात, मी तर किनाऱ्यावर राहूनसुद्धा! वळून पाहतो तर निम्मा खडक पाण्याखाली. धावत जाऊन पिशवी तेवढी वाचवली, चपला गेल्या. बाई हसून हसून खाली बसल्या. "हजारो वर्सांचं शिकवलं, आन सा तासांचं इसरले!"

संध्याकाळी नव्या चपला घालून बाई एसटीत बसल्या. जुन्या गेल्याबद्दल मी हळहळलो, तर खिडकीतून म्हणाल्या, "जाऊ दे रं. रुतत्याल कुठंतरी गाळात. समुद्र पुन्यांदा मागं हटला की घावतील कुनाला तरी. म्हनतील, हितवर एक मास्तरीन आल्ती."