वरची माणसं

बायकोला ही गोष्ट ठाऊक नाही. ज्या सहकाऱ्यांबरोबर उभी हयात एका शाळेत काढली, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखता? महाळुंगे, सूस, जांबे या बाजूला एखाद्या सोसायटीत राहत असाल, तर क्लब हाऊसमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कदाचित ऐकलंही असेल मला. ‘परग्रहावर कुणी आहे का?’ नावाचं व्याख्यान. निवृत्त विज्ञान शिक्षक, मुळशीचेच, बोलतात मजेशीर. तो मी.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. मी उडत्या तबकड्या मानत नाही. आजही नाही. लोकांनी आभाळात पाहिलेल्या बहुतेक तबकड्या म्हणजे शुक्र असतो, विमान असतं, कुणीतरी सोडलेला कागदी आकाशकंदील असतो, नाहीतर ती अलीकडची एका रांगेत सरकणारी उपग्रहांची माळ. ताऱ्यांमधली अंतरं एवढी अफाट आहेत की तिथून निघालेलं कुणी इथवर येईल, आणि येऊन एखाद्या शेतावर दोन मिनिटं थांबून परत जाईल, हे मला कधी पटलं नाही. कुठेतरी बुद्धिमान कुणी असेलही. पण पुरावा? पुरावा दाखवा, मी लगेच मान्य करतो. हे वाक्य मी प्रत्येक व्याख्यानात म्हणतो. त्यावर माना डोलतात.

मग कबुली कसली? तेच सांगायचंय. सांगता येत नाहीये.

माझ्या व्याख्यानात एक उणीव होती. सगळी उदाहरणं परदेशातली. अमेरिकेतलं वाळवंट, तिथला कुणी वैमानिक, तिथला कुणी शेतकरी. लोक ऐकायचे, पण हसायचे नाहीत. अर्ध्या तासानं मोबाइल बाहेर निघायचे. आपल्या मातीतलं एखादं उदाहरण हवं होतं मला — मुळशीतली तबकडी. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की आधी मत ठरवून मग पुरावा शोधू नका. आणि मी स्वतः मात्र उदाहरण ठरवून माणूस शोधत होतो.

माणूस आपण होऊन आला. सुमनबाई.

सुमनबाई आमच्या शाळेत खिचडी करायच्या. डोंगराच्या पायथ्याला त्यांची वस्ती, दहाबारा घरं, सगळी बौद्ध. वस्तीतल्या विहाराची किल्ली त्यांच्याकडे असते. वस्ती पाणी पिते ते वरच्या अंगाच्या झऱ्याचं. तो झरा कुणाच्या सातबाऱ्यावर आहे हे तिथं कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि झराही कधी आटला नव्हता.

आमच्याकडे लोक शिक्षकाकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. ग्रामपंचायतीला अर्ज, तलाठ्याला, तहसीलदारांना. निवृत्त झालो तरी ते काही सुटलं नाही. त्या शनिवारी दुपारी सुमनबाई दारात उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी ओट्यावरच बसल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की सर, एक अर्ज लिहून द्या.

मी म्हटलं, सांगा सगळं, मी फोनवर रेकॉर्ड करून घेतो, म्हणजे अर्जात नीट घालता येईल. त्यांनी पदर सारखा केला — फोनसमोर लोक करतात तसा — आणि बोलायला लागल्या.

“सर, ती वरची मानसं हायेत. चार दिस झालं. सांच्याला दिवा घिऊन येत्यात. आमच्या झऱ्यावर येऊन थांबत्यात. वरनंच बघत्यात, न् जात्यात.”

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे — आनंदाचा. वरून येणारी माणसं! दिवा! थांबतात, बघतात, जातात! मला मुळशीतली तबकडी सापडली होती. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, महाळुंग्याच्या एका सोसायटीत व्याख्यान होतं. तिथं मी ही क्लिप लावली. सभागृह हसून लोटपोट झालं. लोक मागच्यांना गप्प करून म्हणाले, पुन्हा लावा. मी पुन्हा लावली. मग चेहरा गंभीर करून सांगितलं की मित्रहो, मी स्वतः तिथं गेलो, निरीक्षण केलं, आणि माझ्या लक्षात आलं — तो साधा ड्रोन होता. टाळ्या. शाल, श्रीफळ. एका बाईंनी येऊन सांगितलं की सर, तुमच्यासारख्यांची गावाला फार गरज आहे.

मी तिथं गेलो नव्हतो. निरीक्षण वगैरे काही केलं नव्हतं. पण हे तर छोटं खोटं. वक्ते एवढं करतातच, नाही का?

कुणीतरी व्याख्यानाचा तेवढाच तुकडा, लोक हसतात तिथपर्यंतचा, व्हॉट्सअॅपवर टाकला. पुढचं ड्रोनचं त्यात नव्हतं. आठवडाभरात तो फिरत फिरत आमच्या तालुक्यात आला. सुमनबाईंना पोरं विचारायला लागली, मावशी, आज कुठल्या ग्रहावरनं पाहुणे? नाव पडलं — तबकडीबाई. ‘तबकडी’ हा शब्द त्यांनी उच्चारलाही नव्हता. तो माझा.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, चूक झाली खरी, पण ऐकण्यात गफलत झाली असेल. बाई बोलली एक, मास्तरांनी ऐकलं भलतंच. मीही बरेच दिवस स्वतःला हेच सांगत होतो.

पण ‘वर’ म्हणजे काय, हे मला माहीत नसेल? मी काय पुण्यात जन्मलोय? आमच्या भागात वर म्हणजे पठार. डोंगरावरचा माळ. माझी आई वर करवंदं काढायला जायची. गुरं वर चरायची. कुणी हरवलं तर म्हणायचे, वर बघा. आणि आता त्या पठारावर बंगल्यांचे प्लॉट पडतायत, फाटक बसलंय, पहारेकरी आलाय, तर तिथं जमिनी घेतलेल्यांना अख्खा तालुका ‘वरची माणसं’ म्हणतो. मीही म्हणतो. सोसायटीतल्या लोकांना मात्र ‘वर’ म्हटलं की आभाळ दिसतं. त्या दोन अर्थांच्या फटीत माझा विनोद उभा होता, आणि तो तसा उभा राहील हे मला नेमकं कळलं होतं.

सुमनबाई तक्रार करत होत्या की पठारवाले आमचा झरा आकाशातून मोजतायत. चार संध्याकाळी. कुणाला न विचारता. त्यांना अर्ज हवा होता तो एवढाच: झऱ्यावर वस्तीची जुनी वहिवाट आहे, मोजणी व्हायची तर आमच्यासमोर व्हावी. एक पान. मला अर्धा तास लागला असता.

मी म्हटलं होतं, लिहितो. लिहिला नाही. व्याख्यानं लागली होती ना एकामागून एक.

मग ग्रामसभा आली. मी पुढच्या रांगेत, मानाच्या खुर्चीत. सुमनबाई उभ्या राहिल्या आणि अर्जाशिवायच बोलायला लागल्या. वरच्या लोकांनी झऱ्याची मापं घेतली आहेत, कुंपणाचे खांब आणून टाकलेत, पंचायतीनं बघावं. दोन वाक्यं झाली नाहीत तोवर मागून कुणीतरी विचारलं, तबकडी उतरली का गं परत? सगळे हसले. सरपंचही हसले, आणि हसत हसत माझ्याकडे वळले.

“सर, तुमीच सांगा आता. ह्यो इषय तुमचा हाय.”

सांगायला किती लागलं असतं? तो ड्रोन होता. मोजणीचा ड्रोन. बाई खरं बोलतायत. महाळुंग्यात हेच सांगून मी टाळ्या घेतल्या होत्या. पण इथं ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग सर, तुम्ही तिची क्लिप का लावली? मी खुर्चीतून अर्धवट उठलो, हसलो आणि म्हणालो, “आभाळात पुष्कळ गोष्टी दिसतात, सुमनबाई.”

सभेला तेवढं पुरलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नव्हे. शाळेत एखादं पोर ताटात वाढलेलं न खाता उठलं की बघायच्या, तसं.

“सर, मी तुमाला चार पंख सांगितलं व्हतं.”

त्यावर तर लोक आणखीच हसले. आता पंखसुद्धा फुटले म्हणाले. विषय संपला. पुढचा विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा होता.

चार पंख. आता हे सांगायला हवं. इथवर जे लिहिलं त्यात मी तुमच्याशीही थोडं लबाडीनं वागलोय. मी म्हटलं की क्लिप लावली. ती क्लिप म्हणजे पूर्ण रेकॉर्डिंग नव्हे. पूर्ण रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे, अजून आहे. ‘बघत्यात, न् जात्यात’ इथं सुमनबाई थांबत नाहीत. त्या पुढे बोलतात. मला ते पाठ आहे.

“आमी भुतंखेतं मानत न्हाई सर, तवा मला कुनी येडी म्हनू नगा. मी नीट बघितलंय. चार पंख हायेत त्याला, भनभन वाजतंय. लग्नात फोटू काढाया उडवत्यात न्हवं, तसलं हाय. माळाच्या फाटकाजवळ एकजण उभा राहून चालवतुया.”

ऐकलंत? तिनं पाहिलं होतं. आवाज ऐकला होता. पंख मोजले होते. ओळखीच्या वस्तूशी ताडून बघितलं होतं, चालवणारा माणूस शोधून काढला होता. आपल्याला कुणी वेडी ठरवेल हेही तिनं आधीच धरलं होतं, आणि त्याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. पस्तीस वर्षं फळ्यावर जे शिकवलं — निरीक्षण, तुलना, अनुमान — ते माझ्या ओट्यावर बसून एक बाई मला करून दाखवत होती. आणि मी त्याच रात्री जेवण झाल्यावर चष्मा लावून बसलो आणि ‘न् जात्यात’च्या पुढे कापलं.

मी चुकीचं ऐकलं नव्हतं. नंतर कळलं असंही नाही. ती बोलत होती तेव्हाच मला सगळं कळत होतं. ड्रोन हे उत्तर माझं नव्हतंच, तिचं होतं. मी तिचा प्रश्न तिच्या तोंडी ठेवला आणि तिचं उत्तर माझ्या खिशात घातलं.

ती दुसरी कुणी असती तर कापलं असतं का? गावातल्या माझ्याच भावकीतली एखादी काकू असती तर? हा प्रश्न मी टाळत आलोय. नसतं कापलं. काकूंचा मुलगा दुसऱ्या दिवशी दारात आला असता. सुमनबाईंच्या वस्तीतून माझ्या दारात जाब विचारायला कुणी येणार नाही, हेही मला तेव्हाच माहीत होतं. कापताना तेही कुठेतरी मोजलं होतं मी. अथांग विश्वात बुद्धिमान कुणी असेल का यावर मी तासभर बोलू शकतो. समोर बसलेल्या बाईत ती बुद्धी दिसली, तर मला राग आला. हो, राग. माझं उदाहरण ती बिघडवत होती.

झऱ्याभोवती आता तारेचं कुंपण आहे. आत कमळाचं लहानसं तळं केलंय असं म्हणतात. वस्तीसाठी खालच्या रस्त्याला टाकी बसवलीय, तिला एक दिवसाआड पाणी येतं. येतं त्या दिवशी सुमनबाई हंडा घेऊन उतरतात. गुडघे गेलेत त्यांचे. मी गाडीवरून जात असलो तर त्या हंडा सावरत विचारतात, सर, बरं हाय का? मी बरं आहे म्हणतो. अर्जाचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. काही लिहून घ्यायचं असलं तर आता त्या पौडला एका टंकलेखकाकडे जातात, असं कळलं.

इथं थांबलो तर तुम्हाला वाटेल, बिचारा पस्तावला. म्हणून गेल्या रविवारचंही सांगतो. सूसला एका सोसायटीत बोलावणं होतं. नवीन इमारत, गार हॉल, पुढे लहान मुलं सतरंजीवर. मी ठरवून गेलो होतो की क्लिप लावायची नाही. वाळवंट, वैमानिक, शेतकरी सगळं सांगून झालं. लोक चुळबुळायला लागले. मग मागून एक गृहस्थ म्हणाले, सर, ती तुमची तबकडीबाई ऐकवा ना, त्यासाठी तर पोरांना घेऊन आलोय.

मी फोन उघडला. दोन्ही फायली एकाखाली एक आहेत, पूर्ण आणि कापलेली. बोट थोडं थांबलं. मग मी कापलेली लावली. लोक हसले, मुलं तर लोळायला लागली. मी त्यांना हसून घेऊ दिलं. नेहमीसारखा चेहरा गंभीर केला, हात वर केला, हॉल शांत झाला, आणि मी म्हणालो —

मित्रहो, मी नीट बघितलं. त्याला चार पंख होते.