वहिनीच्या हृदयातली जाळी

आमच्या घरात आजारी पडण्याचा हक्क दादाचा. धाप, चक्कर, छातीतली धडधड, सगळं त्याच्या नावावर. वहिनी दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांना काचा बसवायची आणि संध्याकाळी घरी येऊन दादाची नाडी बघायची. ती स्वतः कधी आजारी पडली नाही. ती जागा भरलेली होती.

एकदा दुकानाच्या जिन्यात तिला दम लागला. डॉक्टरांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायला सांगितली. पडद्यावर उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात काहीतरी पांढरं, दोऱ्यासारखं वळवळताना दिसलं. तपासणाऱ्या बाई 'रक्ताची गुठळी असू शकते' असं लिहून मोकळ्या झाल्या.

घरात हलकल्लोळ. वहिनीला पलंगावरून उतरायची बंदी. मी भांडी घासली. ती वहिनीने गुपचूप उठून पुन्हा घासली. पुतणीने कुकर लावला, पाणी न घालता. सर्वांत मोठा त्याग दादाचा. त्याने स्वतःचा चहा स्वतः केला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तसं सांगितलं. पण येणारे थेट वहिनीच्या खोलीत शिरायचे. दादा दारातच आपलीही धडधड वाढल्याचं कानावर घालायचा. लोक "हो का" म्हणून पुढे सरकायचे.

वहिनी घाबरली होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण विचारलं कुणीच नव्हतं. कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात, हे तिने लेकीला दाखवून ठेवलं होतं.

मग मोठ्या इस्पितळात घशातून नळी घालून पुन्हा तपासणी झाली. मोठे डॉक्टर म्हणाले, ही गुठळी नाही, जाळी आहे. आईच्या पोटात असताना सगळ्यांच्याच हृदयात तिथे एक पडदा असतो. पुढे तो विरून जातो, शंभरातल्या दोघातिघांत थोडा उरतो. रक्ताबरोबर हलतो, एवढंच. त्याचं काही करायची गरज नाही. दम लागला तो अंगात रक्त कमी म्हणून. त्याच्या गोळ्या लिहून दिल्या.

वहिनीने डोळे पुसले. दादाने विचारलं, "मलाही असेल का हो ही?"

घरी येताच सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि उरलेली कामं वहिनीसाठी तशीच ठेवली. ती मात्र दार लावून आडवी झाली. दादाने बाहेरून विचारलं, चहा कधी करतेस?

"डॉक्टर म्हणाले, काही करायची गरज नाही," आतून उत्तर आलं. "तुमच्यासमोरच म्हणाले."

तेव्हापासून सुट्टीच्या दुपारी ते दार बंदच असतं.

दादाला मात्र चैन पडेना. हट्टाने त्याने स्वतःचाही इको करवून घेतला. कप्पे, झडपा, भिंती, सगळं पुस्तकातल्या चित्रासारखं निघालं. जाळी सोडाच, साधा दोरासुद्धा नाही. त्याने रिपोर्ट उलटून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. परतताना गाडीत तो रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

शेवटी वहिनीलाच दया आली.

"अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "पोटाची तपासणी अजून राहिलीच आहे."