दुसरी जागा

हे मी कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलाजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असतात, तर तुम्हीही म्हणाला असतात, छे, त्या बाई असं करणार नाहीत. ऑफिसात माझी ख्यातीच तशी. नाकासमोर चालणारी बाई.

मी सरकारी इंजिनिअर. इमारत राहण्यालायक आहे की नाही, ते तपासून लिहून देणं हे माझं काम. समुद्रापलीकडे ते युद्ध पेटलं, जहाजं भरभरून माणसं आपल्याकडे येणार असं ठरलं, तेव्हा दिल्लीहून बंदरांच्या सगळ्या शहरांना पत्र आलं. देशभराचा एकच आराखडा करायचा होता. रिकाम्या सरकारी इमारती शोधा, तपासा, यादी पाठवा. मध्य मुंबईची यादी माझ्या टेबलावर आली.

यादीत पहिलंच नाव करी रोडच्या संक्रमण शिबिराचं. चाळी पाडून टॉवर उभे राहीपर्यंत भाडेकरूंना ठेवायची ती चार मजली इमारत — माझ्या घराच्या मागचीच. कागदावर रिकामी. प्रत्यक्षात? आमच्या चाळीतल्या जवळजवळ प्रत्येक घराने तिथली एकेक खोली कुलूप लावून बळकावली होती. कुणाचे पलंग, कुणाच्या मुलीचा अभ्यास, कुणाचं पापडांचं वाळवण. दुसऱ्या मजल्यावर माझा मुलगा आणि सून राहत होते. नवीन लग्न, आणि आमची खोली दहा बाय बाराची. काय करणार होते मी? — बघा, सबब आलीच तोंडात. ती खोडून टाका.

बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? त्या खोल्यांच्या चाव्या सांभाळणारे सावंतकाका, मूळचे मालवणचे, माझ्या वडिलांच्या वयाचे, दारात येऊन उभे राहिले.

"बाय, तेंका हय हाडू नको हां," ते म्हणाले. "एकदा इले काय जातले होय? मगे तुझो झील खय रवतलो?"

त्या माणसांना इथे आणलं तर माझा मुलगा कुठे राहणार, असं विचारत होते. "बघते, काका," मी म्हटलं.

आणि बघितलं. हातोडी घेऊन चारही मजले फिरले. खांब ठोकले, तुळया ठोकल्या — सगळीकडे भरीव आवाज. इतकी धडधाकट इमारत मी त्या वर्षात पाहिली नव्हती. सुनेने चहा केला, तो तिच्याच पलंगावर बसून प्यायले. आणि तिथेच लिहिलं — अतिधोकादायक, मनुष्यवस्तीस अयोग्य. कागदावर तिथे कुणीच राहत नव्हतं, तेव्हा कुणाला बाहेर काढायलाही कुणी येणार नव्हतं. सून समोर बटाटे सोलत होती. कुंपणानेच शेत खावं, ते इतक्या शांतपणे.

एवढ्यावरच थांबलं असतं तर? पण एक इमारत यादीतून गेली की तिच्या बदली दुसरी द्यावी लागते. माझगावला गोदीजवळ एक जुनं गोदाम होतं, आत लाकडी पोटमाळा. मी खालूनच पाहिलं. एका तुळईवर ओल उतरली होती, काळी, हातभर रुंद. जिना होता. मी चढले नाही. गुडघे दुखतात म्हणून? त्या दिवशी दुखत नव्हते. वर गेले असते तर तुळई ठोकावी लागली असती, आणि ठोकली असती तर कळलं असतं. मला कळायला नको होतं. 'तात्पुरत्या वापरास योग्य' असं लिहून सही केली.

माणसं आली. आठवड्याने मी पाहणीला गेले. पोटमाळ्यावरही अंथरुणं पसरली होती. वर कुणी चाललं की खाली भुसा पडत होता — पिवळा, पिठासारखा. खाली एक बाई भाताच्या पातेल्यावर ताट धरून बसली होती, भुसा पडू नये म्हणून. शेजारी तिची मुलगी, सहा-सात वर्षांची. मला पाहून दोघी हसल्या. लाकूड आतून खाल्लं गेलं की असा भुसा पडतो, हे मला ठाऊक नव्हतं? मी घरी आले. जेवले.

चार दिवसांनी भरदुपारी पोटमाळा खाली आला. ती मुलगी त्याच्याखाली झोपलेली होती.

चौकशी झाली. मला काही झालं नाही. करी रोडची इमारत का दिली नाही, असंही कुणीतरी विचारलं. माझा अहवाल पुढे ठेवला गेला आणि विषय संपला.

जबाब नोंदवायला गेले तेव्हा ती बाई कोपऱ्यात बसली होती. एवढ्या दिवसांत थोडं हिंदी शिकली होती. तिने रागाने नाही, नुसतंच विचारलं, "मॅडम, दूसरा जगह नहीं था?"

"नहीं," मी म्हटलं. "कहीं नहीं था।"

तिने मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून माझाच हात तिने दोन्ही हातांत घेतला, मला धीर द्यायला. मी तो सोडवून घेतला नाही.

जागा होती. मुलगा आणि सून आजही तिथेच राहतात.